ओव्हाळ भाऊंचा सातवा नियम

ओव्हाळ भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या शाळेचं इंटरनेट कमी करायला आले होते.

आमची शाळा कर्णबधिर मुलांची, निवासी. लोणावळ्याजवळ, औंढ्याच्या पुढे डोंगराला टेकून एका ट्रस्टचं मोठं आवार आहे. पुढे हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज आणि त्याचं होस्टेल, मधे ट्रस्टचं ऑफिस, उजव्या अंगाला गेस्ट हाऊस. तिथे शनिवार-रविवारी कंपन्यांची शिबिरं आणि लग्नं होतात. सगळ्यांत मागे, जिथे पावसाळ्यात भिंतींना चार महिने ओल असते, तिथे आमची शाळा. मोबाईलची रेंज तिथे पोचत नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात कधीतरी एक काडी दिसते आणि तीही टिकत नाही. त्यामुळे आवारात येणारी इंटरनेटची एकच लाईन सगळ्यांना पुरवायची असे, आणि ती कोणाला किती मिळावी हे ठरवण्याचं काम ओव्हाळ भाऊंकडे होतं.

दुपारी चारच्या सुमाराला पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला टेस्टर, कानामागे पेन.

"मॅडम, मी दिनकर ओव्हाळ. नेटवर्क बघतो. तुमच्याकडं लय ओढतंय."

"काय ओढतंय?"

"नेट. संध्याकाळी पाच ते सात सगळ्या आवारात तुमचीच शाळा पुढं. समदा व्हिडिओच. पोरं पिच्चर बघत्यात का?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. शेजाऱ्याच्या नळाला जास्त पाणी का येतं, असं सहज विचारावं तसं विचारत होते. मी म्हटलं, "पाचपर्यंत थांबा भाऊ. तुम्हीच बघा."

ते थांबले. मुलांना मोबाईल ठेवायची परवानगी नव्हती, पण शाळेचे सहा टॅब होते. संध्याकाळी पाळीपाळीने मुलं घरच्यांशी बोलायची. बोलायची म्हणजे हातांनी. बाकीच्या आवारात त्या वेळी कलकल असायची, आमच्या हॉलमधे मात्र फक्त कपड्यांची सळसळ आणि मधूनच एखादं हसू.

कोमल तेव्हा पाचवीत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि तिच्या आईलाही. वडील ती लहान असतानाच गेले. आई सोलापूरकडच्या एका खेड्यात, चुलत्याच्या घरी राहायची. ती कधी शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे आम्ही शिकवतो ती सांकेतिक भाषा तिला येत नव्हती. मायलेकींनी दोघींपुरत्या खुणा तयार केल्या होत्या. कोंबडीची वेगळी, शेजारणीची वेगळी, 'मला राग आला पण तुझा नाही' याची वेगळी. मला त्यातल्या दहात एक कळायची. चुलत्याला 'जेव', 'ये' आणि 'जा' यापलीकडे काही कळत नसे. ती भाषा जाणणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्या दोघी रोज संध्याकाळी दहा मिनिटं एकमेकींना भेटत होत्या.

त्या दिवशी आईने उजवा हात कपाळापाशी नेला आणि चित्र तिथेच थांबलं. हात कपाळापाशी, तोंड अर्धवट उघडं. कोमलने टॅब हलवला, खिडकीपाशी नेला, परत आणला. चित्र हललं तेव्हा आईचे हात मांडीवर होते. बोलून झालं होतं.

ओव्हाळ भाऊ माझ्या मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "काय म्हनली ती?"

"मला कळलं नाही. कोमललाही नाही. महिनाभर हे असंच चाललंय."

"महिनाभर?"

"हो. आधी एवढं अडकत नव्हतं."

पुढची दोन मुलं बोलेपर्यंत ते उभे राहिले आणि मग निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थनेच्याही आधी, ते आले. सायकलवाल्यांच्या दुकानात असते तशी लांबट वही त्यांच्या हातात होती. वही उघडून त्यांनी मला एक ओळ दाखवली. पेन्सिलने लिहिलं होतं: व्हिडिओ शेवटी.

"ह्यो नियम मी लावला महिन्यामागं," ते म्हणाले. "होस्टेलची पोरं पिच्चर बघायची आन् ऑफिसची मेल अडकायची. मग मी फायरवॉलला सांगितलं, आधी मेल, मग बाकीचं, आन् जे व्हिडिओ आसंल ते शेवटी, उरलं तर. मला वाटलं व्हिडिओ म्हंजे करमणूक. मॅडम, मी महिनाभर ह्या पोरांचं बोलणं बंद केलं व्हतं."

फायरवॉल म्हणजे आवाराच्या इंटरनेटचं फाटक, हे मला त्यांनी तेव्हा समजावलं. आत येणारं, बाहेर जाणारं सगळं त्यातून जातं. गर्दी झाली की कुणाला पुढे सोडायचं, कुणाला थांबवायचं आणि थांबवूनही जागा झाली नाही तर काय सोडून द्यायचं, हे तिथे ठरतं. त्यांनी 'व्हिडिओ शेवटी' ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि शेवटी नवी ओळ लिहिली. तो त्यांच्या वहीतला सातवा नियम. शाळा, सायंकाळी पाच ते सात, कुणाचं काहीही असो, यांचा वाटा आधी.

तेव्हापासून पाच वर्षं आमच्या मुलांचे हात कधी हवेत अडकले नाहीत.

भाऊ मूळचे इंदुरीचे. तरुणपणी एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होते. कारखाना बंद पडला आणि ट्रस्टमधे इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. इंटरनेट आलं तेव्हा 'तारेचं काम आहे, ओव्हाळला द्या' म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. इंग्रजी बेताचंच, पण माहितीपुस्तकं समोर ठेवून, शब्दामागे शब्द लावत, वयाच्या पंचेचाळिशीत ते शिकले. पडद्यावरचं सगळं इंग्रजी, म्हणून प्रत्येक नियम आधी वहीत मराठीत लिहायचे. "मराठीत लिहिला की खोटा नियम लगेच कळतो," म्हणायचे. "इंग्रजीत समदंच बरोबर वाटतं."

होस्टेलची मुलं त्यांच्याकडे तक्रारी घेऊन यायची. सर, स्पीड येत नाही, सर, गेम अडकते. भाऊंचं उत्तर ठरलेलं. "वेग मागू नका, वाटा मागा. वेग मागितला की कुनाचा तरी खाल्लाच." मग पडदा फिरवून दाखवायचे की एका खोलीतून एकच जण सगळ्यांइतकं ओढतोय. कोण ते कधीच सांगत नसत. पण त्या खोलीतला एकजण हळूच तिथून सटकायचा.

स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी सगळ्यांत शेवटच्या पायरीवर ठेवला होता. त्यांच्या मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता तेव्हा मी त्यांच्या खोलीत होते. पान उघडायला इतका वेळ लागत होता की मीच म्हटलं, "भाऊ, पाच मिनिटं वर घ्या की स्वतःला. कुणाला कळणार आहे?"

"वाढप्यानं शेवटी जेवायचं," ते म्हणाले आणि चहा आणायला गेले. परत आले तेव्हा पान उघडलं होतं.

पंगतीची भाषा ते नेहमी वापरत. एकदा मी सहज विचारलं की नेटवर्कच्या कामात पंगत कुठून आली. डबा खात होतो आम्ही. ते म्हणाले, "आमच्यात माझा आजा गावजेवणाला जायचा तवा लांब बसायचा. समद्यांचं झालं की उरलं तर आणून टाकायचे. कधी उरायचं, कधी न्हाई. छपन्न साली धम्म घेतला तवापासून तो गेलाच न्हाई जेवायला." मग म्हणाले, "'उरलं तर' ह्यो शब्द मला नियमात नको वाटतो." आणि डब्यातली भाजी मला वाढली. याहून जास्त ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

मुलांनी त्यांना नाव दिलं होतं. आमच्याकडे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. भाऊंचं नाव म्हणजे कानामागे बोट टेकवणं, पेनासाठी. ऐकू न येणाऱ्या साठेक मुलांनी एका माणसाला कानावरून हाक मारावी, याची त्यांना गंमत वाटायची. खुणा शिकायचा प्रयत्न त्यांनी केला, पण बोटं टेस्टर धरून ताठ झालेली. 'पाणी' म्हणायला जायचे आणि भलतंच काही व्हायचं, मुलं पोट धरून हसायची. शेवटी त्यांनी नाद सोडला. मी मधे असले की माझ्याकडे बघून बोलायचे, नसले की पाटीवर लिहायचे.

ट्रस्टचे सचिव वाईट माणूस नव्हते. शाळेच्या संमेलनाला दरवर्षी यायचे, मुलांना खाऊ वाटायचे. पण गेस्ट हाऊस चाललं तर बाकीचं चालेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. एकदा तिथे बाहेरगावच्या मोठ्या पाहुण्यांची दोन दिवसांची बैठक होती. सचिवांनी भाऊंना बोलावलं. शिकवण्याबरोबर वसतिगृहही मी बघायचे, म्हणून धान्याच्या मंजुरीसाठी तिथेच बसले होते.

"ओव्हाळ, आज-उद्या सगळी लाईन गेस्ट हाऊसला."

"देतो साहेब. होस्टेलला सांगितलंय, ऑफिसला सांगितलंय. शाळेचे दोन तास तेवढे ठेवतो."

"सगळी म्हणजे सगळी. दोन दिवस मुलं घरी बोलली नाहीत तर काही बिघडत नाही."

भाऊ उभेच होते. म्हणाले, "साहेब, तुमच्या बैठकीत समद्यांना दोन दिवस तोंडाला पट्टी बांधून बसवलं तर बिघडंल का?"

सचिवांनी फायलीवर सही केली, माझ्या नव्हे, दुसऱ्याच, आणि म्हणाले, "अडकलं तर जबाबदारी तुमची."

काही अडकलं नाही. बैठक झाली, पाहुणे चिक्की घेऊन गेले. पण त्यानंतर सचिव त्यांना 'ओव्हाळ' म्हणायचं थांबले आणि 'मिस्टर ओव्हाळ' म्हणू लागले. भाऊ मला म्हणाले, "मॅडम, आता माजं अवघड हाय." ते खरंच होतं.

वर्षभरात नेटवर्कचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. नवी यंत्रं आली, खोलीला नवं कुलूप आलं. भाऊंची बदली गेस्ट हाऊसला झाली: दिवे, टीव्ही, गिझर. त्यांनी वाद घातला नाही. दोन पानांचं टिपण तयार केलं, कुणाला किती, का, कधी. सातव्या नियमाखाली दोन रेघा मारल्या. कंपनीच्या इंजिनिअरने ते नम्रपणे घेतलं. चांगला पोरगा होता. म्हणाला, "काका, आता हे सगळं सिस्टिम आपोआप ओळखते. कुठलं महत्त्वाचं, कुठलं नाही, तिला कळतं."

"तिला कसं कळतं?" भाऊंनी विचारलं.

त्याने बरंच सांगितलं. भाऊ ऐकत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मलाबी असंच कळलं व्हतं पयल्यांदा."

पंधरवड्यात चित्रं अडकायला लागली. आधी शनिवारी-रविवारी, मग रोज. मुलं टॅब घेऊन खिडक्यांशी उभी राहायची. धाकटी मुलं टॅबवर चापट्या मारायची. मी ऑफिसला सांगितलं. तक्रार आता पोर्टलवर करायची होती. केली. क्रमांक आला. त्यानंतर 'प्रक्रियेत आहे' असं आलं आणि तेच येत राहिलं. भाऊंनी सचिवांना तीन अर्ज दिले. तिन्हींवर 'पाहू' असा शेरा होता. मी सचिवांना भेटायला जाणार होते, पण दहावीच्या सरावपरीक्षा होत्या, वसतिगृहात कांजिण्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की भाऊ करतील काहीतरी. पाच वर्षं तेच करत आले होते.

कोमल तेव्हा दहावीला होती. फेब्रुवारीत चुलत्याचा निरोप आला की आईच्या पोटात दुखतंय, तालुक्याच्या दवाखान्यात नेलंय, छोटं ऑपरेशन आहे, काळजीचं नाही. सोमवारी कोमलचं प्रात्यक्षिक होतं. मी म्हटलं, ते झालं की मंगळवारी तुला गाडीत बसवून देते. तिने मान हलवली. तो निर्णय माझा होता.

शनिवारी संध्याकाळी सहाला चुलत्याने दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावला. पलंगावर आई, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, डोळे मोठे. थोड्या वेळाने तिला आत नेणार होते. समोर गेस्ट हाऊसवर लग्न होतं, दोनशे माणसं मोबाईल घेऊन नाचत होती. कोमलने हात हलवले, आईने हात उचलले, आणि चित्र थांबलं.

पुन्हा हललं, पुन्हा थांबलं. चौकोन चौकोन झाले. मधूनच एक हात दिसायचा, त्याचा पुढचा भाग नाही. आवाज मात्र तुटत तुटत येत होता, ज्याचा त्या दोघींना काही उपयोग नव्हता. चुलता म्हणत होता, "बाई लई काय काय सांगतीय हो, मला कळंना. पोरीला दिसतंय का?"

मी धावत गेस्ट हाऊसला गेले. भाऊ मांडवाच्या कमानीपाशी शिडीवर होते, माळ लावत होते. मी खालूनच सांगितलं. ते उतरले आणि आम्ही दोघं नेटवर्कच्या खोलीकडे पळालो. किल्ली त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून तक्रार क्रमांक विचारला गेला. भाऊंनी फोन खिशात ठेवला, परत गेस्ट हाऊसमधे गेले आणि तिथल्या विजेच्या फळीवरचं मुख्य बटण खाली ओढलं. अख्ख्या गेस्ट हाऊसची वीज गेली, विजेबरोबर तिथलं वायफायही. मांडवातलं गाणं मधेच बंद पडलं.

मी शाळेत पोचले तेव्हा टॅबवरचं चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. दवाखान्याचा रिकामा पलंग दिसत होता, चादरीवरची घडी दिसत होती. चुलता म्हणाला, "नेलं तिला आत्ताच." कोमल त्या पलंगाकडे बघत होती.

आई ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीच नाही. रविवारी दुपारी गेली.

भाऊंना नोटीस मिळाली. लग्नाच्या घरच्यांनी मोठी तक्रार केली होती, ती साहजिकही होती. चौकशीला त्यांनी मला साक्षीला बोलावू नका म्हणून सांगितलं. पण त्यांनी एक विनंती केली, की नव्या यंत्रात कुठल्या नियमाने चित्रं अडकतात ते एकदा बघू द्या. इंजिनिअरने दाखवलं. मीही गेले होते.

पडद्यावर इंग्रजी नावांची यादी होती. इंजिनिअर खाली खाली जात होता. भाऊ म्हणाले, "थांब." एका ओळीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'व्हिडो शेवटी'. व्हिडिओचं स्पेलिंग चुकलेलं.

"ह्यो माजा हाय," भाऊ म्हणाले.

इंजिनिअर गोंधळला. मग त्याने शोधलं. नवं यंत्र बसवताना त्यांनी जुन्या यंत्राची साठवलेली फाईल उचलली होती. तिथे एकच फाईल होती, सगळ्यांत जुनी, साडेपाच वर्षांपूर्वीची. भाऊंनी पहिल्यांदा नियम लावला त्या आठवड्यातली. त्यानंतर त्यांनी सगळं बदललं ते फक्त यंत्रात आणि वहीत. नवी फाईल साठवून ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या टिपणातलं कुणी यंत्रात घातलंच नव्हतं.

"काका, चूक आमची आहे," तो पोरगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आम्ही टिपण वाचायला हवं होतं."

"न्हाई," भाऊ म्हणाले. "अक्षर माजं हाय."

परत येताना मी खूप बोलले. तुम्ही पाच वर्षं सांभाळलंत, कंपनीने वाचलं नाही, सचिवांनी ऐकलं नाही, मी गेले नाही, तिला थांबवून घेतलं ते मी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय." एवढंच. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. चौकशी पुरी व्हायच्या आधीच. इंजिनिअरने आमचा नियम त्याच आठवड्यात लावून दिला, आणि मुलांची चित्रं पुन्हा नीट दिसू लागली. कोमलला त्याचा उपयोग नव्हता. तिच्याशी बोलायला आता कुणी नव्हतं. तिची पाळी आली की ती टॅब पुढच्या मुलाला द्यायची.

दहावीला ती कशीबशी पास झाली. चुलत्याने घरी नेली नाही. ट्रस्टच्या ओळखीने आंबीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली, तळेगावला मुलींच्या वसतिगृहात राहू लागली.

दिवाळीच्या थोडं आधी भाऊंचा फोन आला. "मॅडम, मला कोमलला एकदा भेटायचंय. तुमी मधे याल का? मला येत न्हाई तिच्याशी बोलायला."

आम्ही आंबीला कारखान्याच्या फाटकाशी दुपारी तीनला, शिफ्ट सुटायच्या वेळी भेटलो. भाऊ वाळले होते. कानामागे पेन नव्हतं. हातात एक घडी घातलेला कागद होता. त्या शनिवारचा यंत्राचा अहवाल. जाताना त्यांनी तो इंजिनिअरकडून मागून घेतला होता आणि इतके महिने जवळ ठेवला होता.

"हे तिचं हाय," ते म्हणाले. "माज्याकडं ठेवणं बरं न्हाई."

कोमल निळ्या ॲप्रनमधे बाहेर आली. भाऊंना पाहून थांबली, मग नमस्कार केला. त्यांनी कागद दिला. शाळेच्या त्या टॅबची ओळ त्यांनी पेन्सिलने अधोरेखित केली होती: वेळ, किती मिनिटं, किती आलं. ती बराच वेळ वाचत राहिली. मग माझ्याकडे वळून हातांनी विचारलं: आई काय म्हणाली, ते यात आहे?

मी भाऊंना सांगितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "किती आलं येवढंच त्याला कळतं. काय आलं ते कळत न्हाई."

मी ते तिला सांगितलं. तिने परत कागदाकडे पाहिलं. ओळीच्या शेवटच्या रकान्यात एक आकडा होता, बाकीच्यांपेक्षा मोठा. तिने त्यावर बोट ठेवलं आणि भाऊंकडे पाहिलं.

फाटकातून मुली बाहेर पडत होत्या, कंपनीची बस सुरू होऊन उभी होती. मग ते म्हणाले, "तिला सांगा, ते आपल्या फाटकापर्यंत आलं व्हतं. तिथं आत घेतलं न्हाई. तिथं..."

पुढचा शब्द त्यांना मराठीत सापडेना. यंत्रात त्याला 'ड्रॉप' म्हणतात ते मला ठाऊक होतं. मी त्याच्यासाठी एखादी सौम्य खूण आठवून पाहिली. आमच्या भाषेत त्याला एकच खूण आहे: मूठ वळायची आणि उघडून बाजूला झटकायची. फेकून दिलं.

मी ती केली. ती खूण समजायला शिकावं लागत नाही. भाऊ माझ्या हाताकडेच बघत होते.

कोमलने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, मैत्रिणीने तिचा दंड धरून ओढलं, आणि ती चढली. बस तळेगावच्या रस्त्याला लागली. भाऊ फाटकापाशी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. मी त्यांना चहाला चला म्हटलं. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.